एकदाच, आणि नाव सांगून

बोग्ना लिगेंझानं सही करायला नकार दिला, तेव्हा चर्चच्या तळघरात बारा बायकांचे हात एकदम थांबले.

गुरुवार होता, म्हणजे पिएरोगीचा दिवस. साउथ बेंडच्या पश्चिम भागातल्या पोलिश बायका सकाळपासून लांब टेबलांपाशी उभ्या राहून पाऱ्यांत बटाट्याचं आणि चीजचं सारण भरत होत्या, कडांना मुरड घालत होत्या. शुक्रवारी ते सगळं विकलं जाई आणि चर्चचं छप्पर गळायचं थोडं थांबे. त्या जानेवारीत मात्र पिठाच्या परातींबरोबर एक कागदही हातोहात फिरत होता.

"हाताला पीठ लागलंय म्हणून थांबलीस का?" लोजामावशीनं विचारलं. "लागू दे. सगळ्यांच्याच सह्यांना पीठ आहे. वॉशिंग्टनवाले तळून खातील."

बायका हसल्या. बोग्ना हसली नाही.

"मी नाही करणार सही, मावशी."

लोजामावशी बोग्नाच्या आईची चुलत बहीण. जन्म इथलाच, साउथ बेंडचा. पोलंड तिनं फक्त कॅलेंडरवर पाहिलेला, आणि तिची पोलिश भाषा तिच्या आजीच्या खेड्यातली, ऐंशी वर्षांपूर्वीची. पण या तळघरात तिच्या शब्दाबाहेर पाणीसुद्धा उकळत नसे. मागच्या उन्हाळ्यात तिच्या मुलीच्या लग्नाला म्हणून बोग्ना आणि तिची आई पोलंडहून आल्या, आणि परत जायच्या आत तिकडे लष्करानं राज्य हातात घेतलं. टेलिफोन तोडले, पत्रं अडवली, कामगारांच्या संघटनेचे हजारो लोक उचलून तुरुंगात टाकले. एका खाणीवर तर गोळ्या घातल्या. तेव्हापासून या दोघी लोजामावशीच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होत्या. ज्यांच्या घरात राहायचं त्यांच्याच कागदाला नाही म्हणायचं, ही काही साधी गोष्ट नव्हती.

कागद असा होता. अमेरिकेच्या सरकारनं पोलंडच्या लोकांच्या बाजूनं एक फिल्म काढली होती. ती युरोपात दाखवली गेली, आणखी कुठकुठं दाखवली गेली, पण अमेरिकेत नाही. कारण सरकारनं परदेशासाठी काढलेला माल घरच्या लोकांना दाखवायचा नाही, असा इथला जुना कायदा. तेवढ्या या एका फिल्मपुरती काँग्रेसनं परवानगी द्यावी, अशी मागणी खासदाराकडे पाठवायची होती.

"मी इथली नागरिक नाही," बोग्ना म्हणाली. "माझ्या सहीला किंमत काय?"

"नागरिक इथं ढिगानं आहेत. भाऊ तुरुंगात असलेली बहीण एकच आहे. वर्तमानपत्रवाले तुझीच सही छापतील."

"भाऊ तुरुंगात आहे की कुठं आहे, तेसुद्धा माहीत नाही मला."

बोग्नानं हातातली पिएरोगी खाली ठेवली.

"अकरा वर्षं मी टेलिव्हिजनमध्ये सरकारच्या फिल्मा कापल्या आणि जोडल्या. कात्री माझ्या हातात, पण कुठं कापायचं ते वरून यायचं. रिकामी दुकानं कापायची, भरलेलं एकच दुकान तीनदा दाखवायचं. आणि लोकांना दुसरं काही बघायची सोय नाही. इथं आल्यावर हा कायदा कळला, तेव्हा मला वाटलं, वा, काय शहाण्यांचा देश आहे! आता त्याच कायद्याला भोक पाडा म्हणून मीच सही करू?"

"अगं, पण ही फिल्म आपल्या बाजूची आहे!"

"मी जोडलेली प्रत्येक फिल्म कुणाच्या ना कुणाच्या बाजूचीच होती."

"दुधानं तोंड पोळलंय बिचारीचं," टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी म्हणालं. "ताकही फुंकून पितेय."

"फुंकू दे की," लोजामावशी कडाडली. "फुंकायला कोण नाही म्हणतंय? पण पेला हातातच घ्यायचा नाही, म्हणजे काय?"

बोग्नानं संध्याकाळपर्यंत दोनशे पिएरोगींना मुरड घातली, आणि त्या दिवशीच्या सगळ्या मुरडी दगडासारख्या घट्ट निघाल्या.

शनिवारी दुपारी माल्मोहून इर्मिनाचा फोन आला. इर्मिना म्हणजे बोग्नाची मामेबहीण, स्वीडनमध्ये नर्स. ती रडत होती आणि हसत होती. तिनं तिकडे ती फिल्म पाहिली होती. खाणीच्या फाटकाशी कामगार उभे, आणि त्यांच्यात बोग्नाचा भाऊ वितेक! खरोखर वितेक, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा, धडधाकट.

आईनं फोन खाली ठेवला आणि बराच वेळ ती त्यावरचा हात काढेना. अपोलोनिया लिगेंझा मुळातच कमी बोलणारी बाई. डिसेंबरपासून ती मुलासाठी लोकरीचे मोजे विणत होती. पार्सल जात नव्हतं, तरी दर आठवड्याला एक जोड तयार होई. खिडकीपाशी सहा जोड रचून ठेवलेले होते.

"मला ती फिल्म बघायची आहे," आई म्हणाली.

"आई, इर्मिनाला दुसराच कुणी..."

"इर्मिनानं त्याला कडेवर घेऊन वाढवलंय. तिला वितेक ओळखता येत नाही होय?" आईनं सुया उचलल्या आणि परत ठेवल्या. "सही कर, बोग्ना. तुझे कायदे तू नंतर सांभाळ. माझा मुलगा आहे त्यात."

आईनं आजवर बोग्नाकडे काही मागितलं नव्हतं. नवऱ्यापासून वेगळी झालीस ते बरं झालं, एवढं एकदा म्हणाली होती, तेही न विचारता. बोग्ना स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. एका बाजूला वितेक, एकोणतीस वर्षांचा, खाणीतला इंजिनियर, दूध सांडल्यावर मांजराचं नाव घेणारा. दुसऱ्या बाजूला अकरा वर्षांची कात्री. यातलं काय जड, हे कुणालाही सांगता आलं असतं, पण बोग्नाला स्वतःला फसवून सही करायची नव्हती. तिकडे नेमकं काय वाईट होतं, हे तिनं नीट आठवून पाहिलं. सरकार बोलायचं, हे वाईट नव्हतं. ते स्वतःचं नाव न सांगता बोलायचं आणि कधी थांबायचंच नाही, हे वाईट होतं.

सोमवारी ती तळघरात गेली, कागद मागून घेतला आणि सहीखाली दोन ओळी लिहिल्या: ही फिल्म एकदाच दाखवा, आणि ती सरकारनं काढली आहे हे आधी पडद्यावर स्वच्छ सांगा.

लोजामावशीनं चष्मा नाकावर सरकवून ते वाचलं. "काँग्रेसशी घासाघीस करतेस? नाताळचा कार्प मासा घ्यायला आलीयस का?"

"अट मान्य नसेल तर माझं नाव खोडा."

"खोडते कशाला! तुझ्या सहीसाठी चार दिवस वाट पाहिलीय." मावशीनं कागदाची घडी घातली.

"थांब," मागून आई म्हणाली. तीही आली होती. "शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का, पोला?"

"सह्या शंभर असतील. पण शिक्का नाही, तर तो कागद कसला? आमच्याकडे असा कागद कुणी हातातसुद्धा घेत नाही."

इथल्या बायकांना हे कुठून ठाऊक असणार? पण अपोलोनियाबाई ठाम उभ्या राहिल्या. जिच्या मुलासाठी हे चाललंय तिचंच ऐकायचं नाही, असं कोण म्हणेल? मग चर्चचा शिक्का आला. व्यायामशाळेचा आला. अंत्यविधीचं सामान विकणाऱ्या कुबियाकांचा आला. बेकरीचा आला. शेवटी सॉसेजवाल्यांनी आपला उत्साहानं आणला आणि जोरात मारला. तेव्हा कुठं दिसलं, की त्यावर 'ताजा माल, थंड ठेवा' असं लिहिलंय. पुसायला गेलं तर आणखी पसरलं. कागद तसाच गेला, आणि चार दिवसांनी खासदाराच्या कचेरीतून कुणा बाईचा फोन आला की कागद पोचला, कचेरीतल्या सगळ्यांनी पाहिला, पण 'थंड ठेवा' म्हणजे तो नेमका कुठं ठेवायचा?

परवानगी मिळाली. ती या कागदानं मिळाली असं लोजामावशी मरेपर्यंत सांगत राहिली. देशभरातून असे कागद गेले होते, हे तिला सांगायची कुणाची छाती नव्हती. ठराव या एका फिल्मपुरताच होता, बाकी कायदा जिथल्या तिथं. बोग्नानं वर्तमानपत्रात तो दोनदा वाचला आणि तिला जरा बरं वाटलं.

पण परवानगी म्हणजे सक्ती नव्हे. गावातल्या टेलिव्हिजन केंद्राच्या मॅनेजरनं, हूपर त्याचं नाव, रविवारी दुपारी बास्केटबॉल ठेवला होता. लोजामावशीनं त्याला फोन लावला.

"पंधरा वर्षं ईस्टरच्या सोमवारी आमच्या हॉलमध्ये येऊन फुकट सॉसेज गिळतोस, हूपर. खाल्ल्या मिठाला कधी जागणार?"

हूपर जागा झाला. फिल्म रविवारी एक वाजता लावायचं ठरलं. तिच्याआधी सरकारच्या नावाची पाटी दाखवायलाही त्याची हरकत नव्हती, फक्त ती करायला त्याच्याकडे माणूस नव्हता. माणूस आहे, मावशी म्हणाली, आणि शनिवारी सकाळी बोग्ना केंद्रावर हजर झाली.

हूपर भला माणूस होता. त्यानं तिला यंत्रं दाखवली. बोग्नाचे हात ती यंत्रं बघून सहा महिन्यांत पहिल्यांदा ओळखीच्या जागी आल्यासारखे झाले. "टेप इथं आहे. पाटी जोडा, नीट लागते का ते बघा. मी वर आहे," असं म्हणून तो गेला.

तिनं काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी केली. एखाद्या म्हाताऱ्याला दोनदा वाचता येईल इतका वेळ ती ठेवली. मग टेप पुढं जाऊ दिली. भाषणं झाली, मोर्चे झाले, मेणबत्त्या झाल्या. आणि खाणीचं फाटक आलं.

वितेकच होता. इर्मिना खोटं बोलली नव्हती. गर्दीतून त्यानं मान वळवली, सरळ बोग्नाकडे पाहिलं आणि दात दाखवून हसला.

तो बोग्नाकडेच बघत होता, कारण बोग्ना तिथं होती. दीड वर्षापूर्वी, संपाच्या ऑगस्टमध्ये, ती कॅमेऱ्याशेजारी उभी राहून त्याला वेडावून दाखवत होती. हा तुकडा तिनंच जोडला होता, आणि तिच्याच वरिष्ठांनी तो कपाटात बंद केला होता. कोणी, कसा बाहेर काढला, देव जाणे. वितेकच्या अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट होता. मागं लिंडेनचं झाड पानांनी गच्च भरलेलं होतं. आणि वर निवेदकाचा भारदस्त आवाज म्हणत होता, या हिवाळ्यात पोलंडचे कामगार ताठ उभे आहेत.

बोग्नानं टेप थांबवली. तिला रडू आलं, आणि त्याहून मोठा राग आला. फिल्म काढणाऱ्यांवर, इर्मिनावर, चेहरा दिसला की झाड न बघणाऱ्या सगळ्या जगावर. या हिवाळ्यातले फोटो मिळणार कुठून, तिकडे कॅमेरा घेऊन कोण हिंडतोय, हे तिलाही कळत होतं. पण मग तसं सांगा की! ऑगस्टची माणसं जानेवारीत उभी करायची, हे काम तिनं पगार घेऊन केलं होतं. ते इथं ओळखीच्या चेहऱ्यानं परत भेटलं.

तिनं हूपरला खाली बोलावलं. "इथं खाली लिहायला हवं की हे ऑगस्ट ऐंशीचं आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी तिथं होते. कॅमेऱ्याशेजारी."

हूपरनं पडद्याकडे पाहिलं. "पण तुम्ही त्यात दिसत नाही," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. "हे बघा, परवानगी आहे ती जशी आहे तशी दाखवायची. तुमची पाटी आधी आली, ठीक आहे. आत हात लावायचा अधिकार मला नाही."

तो पुन्हा वर गेला. खोलीत टेप होती आणि बोग्ना होती. चार सेकंदांचा तुकडा. दोन बटणं दाबली तर वितेक फिल्ममधून निघून जाणार होता. तिकडे फाटक, इकडे मेणबत्त्या, मध्ये सांधासुद्धा दिसला नसता. आई म्हणाली असती, इर्मिनाला भास झाला. खोटी आशा नाही, खोटा आनंद नाही. बोग्नानं बटणावर बोट ठेवलं, आणि लगेच काढलं. कुणाच्या तरी भल्यासाठी म्हणून कापायची सवय तिला पुरेपूर माहीत होती. ती टेप तशीच ठेवून कोट चढवून बाहेर पडली, आणि बर्फातून तीन मैल चालत घरी आली, कारण बससाठी थांबली असती तर धीर सुटला असता.

आई इस्त्री करत होती. उद्याच्यासाठी निळा ड्रेस.

बोग्नानं कोट न काढताच सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. इस्त्री तिनं उभी केली, म्हणून ड्रेस वाचला.

"उद्यापर्यंत थांबता आलं नाही तुला?" आई म्हणाली.

"आई..."

"एक दिवस! एक दिवस मला तो मिळाला असता. दोनशे माणसांत मी त्याला पाहिला असता, आणि परवा सांगितलं असतंस तरी चाललं असतं. तुझी ती सत्यवादाची खाज सोमवारपर्यंत दम धरत नव्हती?"

"तू उद्या सगळ्यांसमोर देवाचे आभार मानले असतेस. मी शेजारी उभी राहून बघू शकले नसते."

"म्हणजे तुझ्यासाठी सांगितलंस."

"हो," बोग्ना म्हणाली. "माझ्यासाठीही."

आई खिडकीकडे तोंड करून बसली आणि सुया हातात घेतल्या. त्या दिवशी ती बोग्नाशी एक शब्दही बोलली नाही.

रविवारी अकराची प्रार्थना झाल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. लोजामावशीचा मोठा टेलिव्हिजन मंचावर ठेवला होता, त्याच्यावर पोलंडच्या काळ्या मेरीची तसबीर आणि तसबिरीवर अँटेना. आई निळा ड्रेस घालून पहिल्या रांगेत बसली. बोग्ना शेजारी बसली, पण दोघींच्या मध्ये पर्स होती.

पाटी आली. ही फिल्म अमेरिकेच्या सरकारनं परदेशी प्रेक्षकांसाठी काढलेली असून काँग्रेसच्या खास परवानगीनं दाखवली जात आहे. मागं कुणीतरी म्हातारा मोठ्यानं ती वाचत होता, आणि त्याची वाचून झाली तेव्हाच ती गेली.

फाटक आलं तसं लोजामावशी उठून ओरडली, "तो बघा! तो बघा आमच्या पोलाचा वितेक!" सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या वाजल्या, कुणी गाणं सुरू केलं, कुणी आईच्या गालांचे मुके घेतले. आई उठली नाही. पडद्यावरचा वितेक गेला तरी तिची नजर तिथंच होती. बोग्नाला वाटलं, आई गप्प राहील. राहू दे. तिचा मुलगा आहे, तिला हवा तेव्हाचा ठेवू दे.

फिल्म संपल्यावर लोजामावशीनं आईला हाताला धरून मंचावर नेलं. "दोन शब्द बोल, पोला. सगळे वाट बघतायत."

अपोलोनियाबाई माणसांपुढे कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी आधी टेलिव्हिजन बंद केला.

"तो माझा वितेकच आहे," त्या म्हणाल्या. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. त्यांनी हात वर केला. "थांबा. त्याच्या बाह्या पाहिल्यात का? अर्ध्या होत्या. मागचं झाड पाहिलंत का? पानांनी भरलेलं. लोजा, तू पोलंड पाहिला नाहीस, पण इतकं तुलाही कळेल. जानेवारीत आमच्याकडे झाडाला पानं नसतात."



"ते दीड वर्षापूर्वीचं आहे. तो माझ्या मुलीकडे बघून हसतोय, ती कॅमेऱ्यापाशी उभी होती. काल तिनं मला सांगितलं, आणि मी तिला नाही नाही ते बोलले. आज तो कुठं आहे मला माहीत नाही. आहे की नाही, तेही माहीत नाही. म्हणून टाळ्या नकोत. कागद आणा."

"कसला कागद, पोला?" लोजामावशीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांची नावं लिहायचा. इथल्या सरकारला फिल्म काढता येते, तर तिकडच्या सरकारला नावं घेऊन विचारताही येईल. एकदाच नाही. उत्तर येईपर्यंत दर आठवड्याला." त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. "बोग्ना, वर ये. तू लिही. तुझ्या हातून काही गळणार नाही."

पिएरोगीचं टेबल ओढून मंचापाशी आणलं. बोग्नानं कागदावर रकाने आखले. मागं रांग लागायला सुरुवात झाली. कुणाचा भाचा, कुणाचा मेव्हणा, कुणाच्या गावचा धर्मगुरू. इतके दिवस कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

"वितोल्ड लिगेंझा," आई म्हणाली. "वय एकोणतीस."

बोग्नानं लिहिलं. पुढचा रकाना आला आणि तिचा हात थांबला. "इथं काय लिहू, आई?"

"खरं ते. माहीत नाही, असं लिही. आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरात लिही, कळवा."

बोग्नानं लिहिलं, आणि खाली सही केली. लोजामावशीनं डोळे पुसत विचारलं, "अट नाही घालायची या वेळी?"

"नाही," बोग्ना म्हणाली.

सॉसेजवाले शिक्का खिशात घालूनच आले होते, पण आता बाहेर काढायला लाजत होते. आईनं हात पुढं केला. "द्या इकडे. खासदाराच्या कचेरीत तोच लक्षात राहिलाय." आणि तिनं तो वितेकच्या नावाशेजारी इतक्या जोरात मारला की टेबल हललं.